घटपर्णीची प्रजाती कशी ओळखायची? सोमवारी दाखवायची आहे, मदत हवी

अंकुर_झाडीपट्टी: एम.एस्सी.चा प्रकल्प घटपर्णीवर (पानाच्या टोकाच्या पेल्यात किडे पकडणारं झाड) घेतला आहे. विभागाच्या शेडमध्ये एक कुंडी आहे, नावाची चिठ्ठी कधीच गळून गेली. पेला ११ सें.मी. उंच, झाकण अंडाकृती, काठावर लालसर बारीक रेघा. तीन दिवस झाले फोटो जुळवून राहिलो, एकही नीट जुळत नाही. नोंद न झालेली प्रजाती तर नाही? नेमकी ओळख कशी पटवायची?

रानवाटा: फोटो कुठे आहे? आणि पेला खालचा की वरचा? खालचे पेले फुगीर असतात, पुढून दोन झालरी उतरतात. वेल वर चढला की नवे पेले नरसाळ्यासारखे येतात, झालरी जवळजवळ नाहीशा होतात. एका पेल्यावरून ठरवलं तर एकाच झाडाच्या दोन प्रजाती करून बसशील.

धानवाला_साकोली: आमच्या बांधीतही किडे खाणारं झाड येते भाऊ. धान निसवायच्या वेळी धुऱ्यावर बारीक लाल, हात लावला की चिकटते. तेच असन.

रानवाटा: ते दवबिंदू, ड्रॉसेरा. कूळच वेगळं. घटपर्णी विदर्भाच्या रानात येत नाही. भारतात रानटी एकच, नेपेंथिस खासियाना, तीही मेघालयात.

कुंडीप्रेमी: पाणी कोणतं देता? बोअरचं नका देऊ, मातीवर पांढरा थर धरतो. माझी दोन झाडं त्यानंच गेली. पावसाचं साठवा.

अंकुर_झाडीपट्टी: काका, पाण्याचं नाही विचारलं. ओळख सांगा ना कोणी.

जनुक_नागपूर: पान प्रयोगशाळेत पाठव, डीएनए काढ. फोटो जुळवत बसायचे दिवस गेले.

रानवाटा: दोन प्रजातींचा संकर असला तर? ओळखीसाठी सहसा हरितलवकाचा (पानातल्या हिरव्या कणांचा) जनुक बघतात, तो बहुतेक आईकडूनच येतो. बाप कोण ते त्यातून कसं कळणार?

जनुक_नागपूर: मग पेशीच्या केंद्रकातला जनुकही तपासा, तो दोघांकडून येतो. उगाच नाही म्हणू नका.

रानवाटा: सोमवारपर्यंत? अंकुर, आधी सांग, झाड आलं कुठून?

अंकुर_झाडीपट्टी: सरांनी रोपवाटिकेतून आणलं होतं, सात-आठ वर्षं झाली. त्याचा काय संबंध?

रानवाटा: अरे, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! रोपवाटिकेतली बरीचशी संकरच. व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या दोन प्रजातींचा संकर तर कित्येक ठिकाणी नुसता 'अलाटा' म्हणून विकतात. तुझ्या फोटोंशी न जुळण्याचं कारण बहुधा तेच. पेला व्हेंट्रिकोसासारखा मधोमध आवळलेला आहे का बघ.

अंकुर_झाडीपट्टी: आत्ताच शेडमध्ये जाऊन आलो. आहे. खाली फुगीर, मध्ये बोटानं दाबल्यासारखा. एक पेला चिरला, तळाशी मुंग्यांची नुसती डोकी. वर एक वाळलेला तुराही दिसला, तो तोडून टाकू?

रानवाटा: हात लावू नको! घटपर्णीत नर-मादी झाडं वेगळी. फुलात केसरांचा एकच दांडा आणि टोकाला परागकोशांचा गोळा दिसला तर नर. आधी फोटो घे, मग कागदात दाबून ठेव. सोमवारी 'बहुधा संकर' एवढंच लिही, नवी प्रजाती म्हणू नको.

धानवाला_साकोली: बांधीतल्याचा फोटो टाकू का? सकाळी उन्हात लई चमकते.