इंटरकल्चरल सायकॉलॉजीत मास्टर्स, कोणी केलंय का?

कृष्णाकाठ
नमस्कार सगळ्यांना, जरा मोठी पोस्ट आहे. मी सायकॉलॉजी स्पेशल घेऊन बीए केलं आणि मग दीड वर्ष एका संस्थेत ऊसतोड कामगारांच्या तळावर सर्व्हेचं काम केलं. नैराश्याची प्रश्नावली होती, वीस वाक्यांची, मूळ इंग्रजी आणि कोणीतरी मराठीत केलेली. त्यात एक वाक्य होतं की घरच्यांनी मदत केली तरी मनावरचं मळभ झटकता येत नव्हतं. एका मावशींना मी ते वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, मळभ आलं की आम्ही कोपीवर ताडपत्री टाकतो. मी परत समजावलं, मग त्यांनी "हो हो लिहा" म्हटलं आणि मी आकडा टाकला. फॉर्म संपल्यावर चहा घेताना त्याच मावशी सहज म्हणाल्या, पोरगी गेल्यापासून कशातच जीव लागत नाही बघ. हे वाक्य त्या वीस वाक्यांत कुठंच नव्हतं. तो आकडा मला अजून खटकतो.

नंतर शोधताना कळलं की यावर आख्खा विषयच आहे, क्रॉस-कल्चरल किंवा इंटरकल्चरल सायकॉलॉजी, म्हणजे संस्कृतीनुसार माणसाचं मन आणि वागणं कसं बदलतं त्याचा अभ्यास, जर्मनीत ओस्नाब्र्युकला त्यात मास्टर्सही आहे. तर नक्की काय शिकवतात, माझं बीए चालेल का, आणि परत येऊन काम काय मिळतं? घरी पप्पा म्हणतायत सरळ क्लिनिकल कर.

पुणे_ते_हॅनोवर
मी ओस्नाब्र्युकलाच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. पहिलं म्हणजे हे काउन्सेलिंगचं शिक्षण नाही, हा रिसर्चचा कोर्स आहे. लोकांना वाटतं वेगवेगळ्या देशांचे रीतिरिवाज शिकवत असतील, तसं काही नसतं. बेरींचं अकल्चरेशन येतं, म्हणजे स्थलांतरित माणूस आपलं किती ठेवतो आणि नव्यातलं किती घेतो, देशादेशांतल्या मूल्यांची तुलना करणारे हॉफस्टेड येतात, "मी" ही कल्पना संस्कृतीनुसार कशी बदलते यावरचा 1991 चा मार्कस आणि कितायामांचा पेपर येतो. पण खरा घाम निघतो तो मेथड्समध्ये. तुझ्या मावशींचं जे झालं तो तिथे मेजरमेंट इन्व्हेरियन्सचा प्रश्न, म्हणजे दोन समाजांत एकच पट्टी लावतोय पण ती पट्टी दोन्हीकडे तेच मोजतेय का? भाषांतर उलटं इंग्रजीत करून जुळवतात, मग आकड्यांवर फॅक्टर अ‍ॅनालिसिस करून, म्हणजे कोणती वाक्यं एकत्र चालतात ते हिशोबाने काढून बघतात, आणि पट्टी जुळली नाही तर दोन्हीकडच्या सरासरींची तुलना करायचीच नाही. हे मनात इतकं भिनतं की नंतर कुठलाही "भारतीय लोक असे असतात" छापाचा रिसर्च वाचताना पहिला प्रश्न तोच येतो.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त भिडली. हायडी केलर या मानसशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं तिथेच काम केलं, बाळांवर. कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या शेतकरी आया बाळाला सतत अंगाशी धरतात, हातापायांना व्यायाम देतात, उभं करून नाचवतात, आणि युरोपातल्या शहरी आया समोर बसून डोळ्यांत बघत बोलतात, खेळणं दाखवतात. 2004 च्या त्यांच्या एका पेपरात न्सो, कोस्टारिका आणि ग्रीस इथली मुलं आहेत, त्यात न्सो मुलं सांगितलेलं लवकर ऐकायला लागतात आणि ग्रीक मुलं आरशात स्वतःला लवकर ओळखतात. म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे हे तुम्ही काय मोजायला घेता त्यावर ठरतं. ते वाचताना मला आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई आठवत होत्या, पाय लांब करून पाटावर बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घालून तेलाने अंग रगडायच्या, मग गरम पाणी आणि शेवटी धुरी. आज्जी म्हणायची याने हाडं घट्ट होतात. मी ते मागासलेलं समजत होते गं, खरंच.

आता व्यवहाराचं. मार्कशीट घेऊन बस आणि मोज, सायकॉलॉजीचे एकूण क्रेडिट किती आणि त्यात स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्सचे किती. आपल्या बीएला बाकीचे विषयच इतके असतात की सायकॉलॉजीचे क्रेडिट कमी पडतात, माझेही पडले, म्हणून आधी इथे एमए केलं मग गेले. भाषा म्हणशील तर जर्मनीतले सायकॉलॉजीचे बहुतेक मास्टर्स जर्मनमधून असतात आणि साधारण सी1, म्हणजे बरीच वरची पातळी मागतात, मी मॅक्सम्युलर भवनात ए1 पासून, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून सुरुवात केली, दोन वर्षं धर. एपीएस सर्टिफिकेट लागतं, म्हणजे आपल्या मार्कशीट-डिग्र्या जर्मन बाजूने तपासल्याचा कागद. ट्यूशन फी त्या राज्यात नाही, सेमिस्टरला काहीशे युरो भरायचे, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) 2024 च्या नियमाप्रमाणे वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, मी गेले तेव्हा कमी होते. इंग्रजीतूनच हवं असेल तर न्यूझीलंडला वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातही या विषयाचं मोठं काम आहे, पण तिथे फीच भरमसाट.

तिठा
पप्पांचं म्हणणं उडवून लावू नकोस. परत येऊन पेशंट बघायचे असतील तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, त्याशिवाय स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही, आणि या डिग्रीने ती मिळणार नाही. हे घरी आधीच स्पष्ट सांग, नंतर वाद नकोत.

मांडवी_पलीकडे
मी गोव्यात याच कामात आहे, म्हणून राहवलं नाही. या विषयाला परदेशी डिग्रीच लागते असं नाही. मानसिक आरोग्यावर काम करणारे डॉक्टर विक्रम पटेल 90 च्या दशकात झिम्बाब्वेत होते, तिथे लोक "डिप्रेशन" म्हणत नव्हते, शोना भाषेत "कुफुंगिसिसा" म्हणायचे, म्हणजे फार विचार करणं. मग तिथल्या लोकांच्याच शब्दांतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली बनवली, इंग्रजीतून आणली नाही. पुढे 1996 ला इथे गोव्यात संगाथ ही संस्था सुरू झाली, आणि त्यांच्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन काउन्सेलर म्हणून बसवलं, त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. आजही आमच्याकडे बायका येतात त्या डिप्रेशन म्हणत नाहीत, "टेन्शन" म्हणतात, नाहीतर डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही. तू तळावर ऐकलंस ते हेच. "जीव लागत नाही" ही सुरुवातीची ओळ ठेवून मराठी प्रश्नावली कोणी बांधली तर आम्हाला उद्या हवी आहे. परत येऊन काम काय, तर हे काम आहे. पैसे आयटीएवढे नाहीत, पण आरोग्याच्या संस्था, विद्यापीठातले प्रोजेक्ट, स्थलांतरितांबरोबरची कामं यात माणसं लागतात आणि स्टॅटिस्टिक्स येणारी माणसं तर मिळतच नाहीत.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. रात्री मार्कशीट काढून बसले, स्टॅटिस्टिक्सचा एकच पेपर भरला. म्हणजे आधी एमएच दिसतंय. पप्पांना आरसीआयचं सांगितलं, ते गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत. हॅनोवरताई, एमए करताना मेथड्ससाठी वेगळं काय करू?

पुणे_ते_हॅनोवर
आर (R) शिक, स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि डेझर्टेशनला तुझी तीच प्रश्नावली घे. तळावरच्या वीस-पंचवीस बायकांना एकेक वाक्य वाचून दाखव आणि "तुम्हाला यातून काय कळलं" एवढंच विचार, उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घे, आकडे नकोत. पण तोड दिवाळीच्या आसपास सुरू होते, कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी त्याआधी हातात पाहिजे, नाहीतर तळ उठेपर्यंत कागदच फिरत राहतील. एमएला प्रवेश झाला की लगेच गाइडशी बोल.