मदत हवी आहे: क्रोशाची त्रिकोणी शाल एका बाजूला खुरटली आहे (आणि गोंड्यांना लोकर पुरेल का?)

नमस्कार मंडळी,

क्रोशात मी अगदी बालवाडीत आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आईला पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. ती नाशिकला असते, आणि तिथली थंडी आपल्या मुंबईसारखी 'पंखा एकावर कर' छापाची नसते. मध्ये तिने माझ्या फोनवर एका त्रिकोणी शालीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ह्याला गोंडे असते तर काय दिसली असती!" मी लगेच "देते की करून" म्हणून मोकळी झाले. आमच्या लहानपणी वाडीतल्या निम्म्या बाळांच्या कुंच्यांचे गोंडे तिनेच केलेत. म्हणजे परीक्षक कडक आहे.

घरात आजीची स्टीलची सुई होती, ती घेऊन बसले. ती रुमाला-तोरणांच्या दोऱ्याची, बारीक. तिच्या आकड्यात लोकर मावेना, अर्धे धागे आत आणि अर्धे बाहेर. शेवटी दादरला रानडे रोडच्या बाजूला जाऊन साडेचार मिमीची सुई आणि आमसुली रंगाचे १०० ग्रॅमचे तीन गुंडे आणले. लोकर अ‍ॅक्रिलिक आहे, आईला खरी लोकर टोचते.

कृती अशी करते आहे: चार साखळ्यांचं कडं. पहिल्या ओळीत चार साखळ्या, मग कड्यात ३ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका), २ साखळ्या, ३ खांब, १ साखळी आणि शेवटचा सुटा खांब. काम उलटवायचं. पुढे प्रत्येक भोकात ३ खांबांचा पुंजका, दोन पुंजक्यांमध्ये १ साखळी, मधल्या भोकात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. ओळीची सुरुवात चार साखळ्यांनी, शेवट १ साखळी आणि एका खांबाने. लिहिताना किती सोपं वाटतंय!

१४ ओळी झाल्या आहेत. टेबलावर पसरली तर मधलं टोक नीट मध्ये पडत नाही. उजवी बाजू लांब, डावी आखूड. ताणून पाहिली, रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवून पाहिली. माझा हात डावीकडे घट्ट पडतो का? आणि उरलेल्या लोकरीत शाल आणि गोंडे दोन्ही बसतील का?

प्रतिसाद १

पुस्तकाला बिचाऱ्याला कशाला त्रास! हात घट्ट असता तर एकच बाजू आखडली नसती. पुंजके मोज. या कृतीत ओळीचा जो नंबर, त्याच्या दुप्पट पुंजके असायला हवेत. पहिल्या ओळीत २, दुसरीत ४, दहावीत २०. चौदावीत २८, मधल्या टोकाच्या अल्याड १४ आणि पल्याड १४. किती भरतात ते सांग.

प्रतिसाद २

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक अवांतर. अमेरिकन बाई 'डबल क्रोशे' म्हणते तो आपला खांब. ब्रिटिश बाई 'डबल' म्हणते तो आपला मुका खांब (वेढा न घेता घातलेला बुटका टाका), आणि आपल्या खांबाला ती 'ट्रेबल' म्हणते. मी एक अख्खी टोपी मुक्या खांबात करून बसले होते. उभी ठेवली की पातेल्यासारखी उभी राहायची. धागालेखिकेचं तसं झालेलं दिसत नाही, पण नव्याने वाचणाऱ्यांनी आधी व्हिडिओवाली कुठली ते बघा.

धागालेखिका

मोजले. उजवीकडे १४, डावीकडे ११. एकूण २५. तीन पुंजके गेले कुठे? दोनदा मोजले, मग नवऱ्याकडून मोजून घेतले. तो म्हणाला साडेअकरा. त्याला पुन्हा विचारणार नाही.

प्रतिसाद १

कुठे गेले ते सांगते. ओळीच्या शेवटी, आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या चार साखळ्यांचं जे भोक असतं, ते नव्या माणसाला भोक वाटतच नाही, काठ वाटतो. म्हणून तिथे पुंजका न घालता नुसता शेवटचा खांब टाकून काम उलटवलं जातं. शाल तरीही वाढत राहते, फक्त ती बाजू एका पुंजक्याने मागे पडते आणि कायमची मागेच राहते. तुझं हे तीनदा झालंय.

पण मला गंमत वेगळीच वाटते. आपण दर ओळीला काम उलटवतो. म्हणजे एका ओळीचा शेवट डावीकडे, पुढचीचा उजवीकडे. तुझ्या तिन्ही चुका डावीकडे आहेत, म्हणजे सगळ्या एकाआड एक ओळींत. विषम ओळींत. त्या ओळी तू कधी करतेस गं?

धागालेखिका

अगं आई गं.

पहिल्या आठ ओळी एका रविवारी घरी बसून केल्या. त्यानंतर रोज दोन. सकाळची गाडीत आणि संध्याकाळची घरी, मालिका बघत. म्हणजे नववी, अकरावी आणि तेरावी गाडीतल्या. बोरिवलीहून बसायला मिळतं, दादरला उतरायचं असतं. बांद्रा गेलं की उठून दाराकडे सरकावं लागतं, नाहीतर उतरता येत नाही. आणि मला ओळ अर्धी ठेवायची नसते, म्हणून शेवटचे टाके उभ्याने, एका खांद्यावर पर्स आणि दुसऱ्यावर कुणाचं तरी कोपर घेऊन. काठाचं भोक मी बघतच नव्हते.

आता काय, उसवू? का डावीकडे तीन पुंजके जास्तीचे घालून बरोबरी करता येईल?

प्रतिसाद १

उसव. जास्तीचे घातलेस तर तिथे काठाला फुगा येईल, आणि जिने आयुष्यभर गोंडे केलेत तिला तो पहिल्या नजरेत दिसेल. आठव्या ओळीपर्यंत जायचंय, म्हणजे सहा ओळी. क्रोशात विणकामासारखे टाके पळत नाहीत, एकच फंदा सुटा असतो. आठव्या ओळीच्या शेवटच्या खांबात आधी सेफ्टी पिन अडकव, मग बिनधास्त ओढ. उसवलेली लोकर कुरळी होते, गुंडा सैल गुंडाळ.

यापुढे ओळ सुरू केलीस की त्या चार साखळ्यांपैकी तिसरीत एक छोटी पिन लाव. पुढच्या ओळीत शेवटचा खांब त्याच साखळीत जातो आणि त्याच्या अलीकडच्या भोकात पुंजका. पिन दिसली की भोक चुकत नाही. आणि बाई, ओळ अर्धी राहू दे. फंदा लांब ओढून पिनेवर टांगायचा आणि उतरायचं.

प्रतिसाद ३

लोकरीचा हिशोब मी सांगतो (घरी बायको विणते, मी वजनकाट्यावर असतो). स्वयंपाकघरातल्या काट्यावर झालेली शाल ठेवा. ती ३० ग्रॅम भरली असं धरू. ४२ ओळी करायच्या तर तिप्पट, म्हणजे ९० ग्रॅम लागतील असं वाटतं. नाही. त्रिकोण दोन्हीकडे वाढतो, लोकर नऊपट लागते. २७० ग्रॅम. तीनशेतले ३० उरले, ते गोंड्यांना. चौदा ओळींचं वजन ३५ आलं तर ४२ चा नाद सोडा, ३८ वर थांबा.

धागालेखिका

काका, काट्यावर २९ आले! पुंजके कमी आहेत म्हणून एखादा ग्रॅम कमी, असं धरते. मग तिन्ही टोकांना तीन गोंडे करू की खालच्या दोन्ही काठांना उपरण्यासारख्या दशा सोडू? आईला विचारलं तर भरगच्चच हवं म्हणेल.

प्रतिसाद ४

तीन गोंडे. दशा दिसतात छान, पण हिशोब बघा. ४२ व्या ओळीला ८४ पुंजके. प्रत्येकाशी पाव मीटरचे चार धागे म्हटले तरी ८४ मीटर लोकर, तुमचे उरलेले ३० ग्रॅम तिथेच संपले. शिवाय दशा पर्सच्या चेनमध्ये अडकतात, धुतल्यावर एकमेकींत गुंततात.

गोंडा असा करा. चार बोटं रुंद पुठ्ठा घ्या, साधारण १० सेंटिमीटरचा जमला तर बरा. त्यावर ३० वेढे द्या, म्हणजे एका गोंड्याला सहा मीटर. वरच्या बाजूने एक वेगळा धागा ओवून करकचून गाठ मारा, याची टोकं लांब ठेवा, शालीला शिवायला हीच लागतात. खालची बाजू कापा. मग वरून एक बोट सोडून मान आवळायची, सातआठ वेढे, आणि टोक सुईने गोंड्याच्या पोटात लपवायचं. मान सैल राहिली की गोंडा महिन्याभरात केरसुणी होतो. तळ शेवटी एकदाच कातरा. दर वेळी 'थोडंसंच' करत गेलात तर गोंड्याचा ब्रश होतो, माझा झालाय.

इस्त्री मात्र फिरवू नका. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री लागली की लोकर लोळागोळा होते आणि चमकते, ते परत येत नाही. ओली करून, टॉवेलवर आकारात पसरून सुकवा. दोरीवर टांगलीत तर मधलं टोक गुडघ्यापर्यंत येईल. धुताना गोंड्यांची सैल वेणी घाला आणि वर रबर लावा.

धागालेखिका

रविवारी उसवली. सहा ओळी दहा मिनिटांत गेल्या, बघवलं नाही. आज पुन्हा चौदावीवर आले, २८ पुंजके, इकडे १४ तिकडे १४. घडी घातली तर टोकावर टोक बसतं. एक गोंडा नमुन्याचा करून पर्सला लावलाय, मान जरा सैल झाली आहे, पुढचा घट्ट करेन.

सकाळी बांद्र्याला चारच पुंजके राहिले होते. फंदा पिनेवर अडकवला आणि उठले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, एवढंसं तर राहिलंय, संपव ना." म्हटलं, काकू, तिथेच तर माझे तीन गेले.