अपग्रेडनंतर केक्रिप्टडी सीपीयू खातोय? तुमचे अनुभव लिहा

ओएस अपग्रेड केली, रीबूट मारला, सगळं नीट आलं आणि दुपारपासून मशीन रखडायला लागलं. कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारं 'टॉप' उघडावं तर वर केक्रिप्टडीची रांग. हे लिनक्समधले डिस्क एन्क्रिप्शनचे कर्नल थ्रेड, म्हणजे ओएसच्या गाभ्यात चालणारे कामकरी; त्यांच्यावर डाफरून उपयोग नाही, ते बिचारे पुढ्यात आलेलं काम उपसतायत. काम का महागलं, ते शोधायचं. माझ्यापासून सुरुवात करतो, बाकीच्यांनी भर घाला.

लोअर परळ, ऑफिसचा बॅकअप सर्व्हर. व्हर्च्युअल मशीन आहे. अपग्रेडच्या निमित्ताने ते नव्या होस्टवर गेलं आणि तिथे सीपीयू मॉडेल 'क्यूईएमयू६४' लागलं. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत; ती सीपीयूतच वेगाने चालवण्याच्या सोयीचा फ्लॅगच या मॉडेलमध्ये नसतो, त्यामुळे सगळं एन्क्रिप्शन निव्वळ सॉफ्टवेअरवर. एन्क्रिप्शनचा वेग मोजणारा 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' चालवला. तो डिस्कला हात लावत नाही, फक्त रॅममध्ये चालतो, म्हणून दोष डिस्कचा की सीपीयूचा हे लगेच कळतं. एईएस-एक्सटीएसचा (डिस्कसाठी वापरतात तो एईएसचा प्रकार) आकडा शेजारच्या मशीनच्या पासंगालाही पुरत नव्हता. मॉडेल 'होस्ट' केलं, म्हणजे होस्टचाच सीपीयू आत दिसू दिला. आतून रीबूट करून हा बदल लागत नाही बरं का, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं.

बोरिवली, घरचा फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी ओएस) बॉक्स. आमच्याकडे हेच नाटक तिथल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या 'जी_ईएलआय' थ्रेडचं. फ्रीबीएसडी १३ पासून एईएसएनआय (सीपीयूतली एईएसची सोय वापरणारं ड्रायव्हर) जेनेरिक, म्हणजे तयार मिळणाऱ्या, कर्नलमध्येच येतं म्हणून भावाने ते लोड करणारी लोडर.कॉन्फमधली ओळ उडवली. पण आमचं कर्नल घरी बांधलेलं, जुन्या कॉन्फिगवरून, त्यात ते नव्हतंच! डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) 'क्रिप्टो: सॉफ्टवेअर' दिसलं आणि उलगडा झाला. थ्रेडची संख्या बघून मात्र दचकू नका. दर डिस्कला दर कोरमागे एक थ्रेड, हा हिशोब नेहमीचाच.

अंधेरी, डेटाबेस. एईएस चालू, सीपीयू निवांत, तरी एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी) क्वेरी अडखळत होत्या. इथे दुखणं वेगळं: प्रत्येक रीड-राइट वर्कक्यूमधून, म्हणजे कर्नलच्या कामांच्या रांगेतून, फिरून जातं. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या कामातून २०२० मध्ये कर्नल ५.९ ला 'नो_रीड_वर्कक्यू' आणि 'नो_राइट_वर्कक्यू' हे ती रांग टाळणारे पर्याय मिळाले. ते लावल्यावर लेटन्सी (प्रत्येक कामाला लागणारा वेळ) उतरली. फिरत्या डिस्कवर मला काडीचाही फरक दिसला नाही.

दादर, लॅपटॉप. माझं एवढं भारी नाही हो. अपग्रेडनंतर फाइल शोधणारी सेवा सगळं होम नव्याने इंडेक्स करत बसली होती. डिस्क कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या 'आयओटॉप'मध्ये तीच वर. रात्रभर चार्जरवर ठेवला, विषय संपला.

मुलुंड. अंधेरीकरांना प्रश्न: माझं लुक्स१ (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनचा जुना फॉरमॅट) आहे, तुमचे पर्याय कायमचे साठवणारं 'पर्सिस्टंट' लावू देत नाही. काय करू?

अंधेरी. तो पर्याय फक्त लुक्स२ ला. तुम्ही क्रिप्टटॅबमध्ये (बूटच्या वेळी उघडायच्या एन्क्रिप्टेड डिस्कची यादी) 'नो-रीड-वर्कक्यू' लिहा, ती वाचणारं सिस्टमडी नवं असेल तर घेईल. रूट डिस्क (ओएस असलेली) असेल तर इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल, पुन्हा बनवा. लुक्स२ मध्ये कन्व्हर्ट करायचंच असेल तर आधी हेडरचा (डिस्कच्या सुरुवातीचा किल्ल्या ठेवलेला भाग) बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर.