भिंत कापून घेण्यापेक्षा प्रिंट बरी

नाताळावरच्या स्ट्रीट आर्टमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर काढलेल्या चित्रांमध्ये, भिंतीचा मूळ तुकडाच संग्राह्य, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. बँक्सी या ओळख लपवून चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश कलाकाराचं वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचं डिसेंबर २०१८ मधलं चित्र घ्या. गॅरेजच्या एका भिंतीवर जीभ काढून बर्फ झेलणारं मूल. कोपऱ्यापलीकडे पाहिलं की कळतं, तो बर्फ नाही, जळत्या कचऱ्याची राख आहे. पोलाद कारखान्याच्या त्या गावातच हे काळजाला भिडतं! चित्र विकलं गेलं आणि २०२२ मध्ये वेल्सबाहेर नेलं. काय उरलं त्यात?

शिवाय काम खरंच बँक्सीचं असल्याची प्रमाणपत्रं देणारी ‘पेस्ट कंट्रोल’ ही संस्था रस्त्यावरून काढलेल्या कामांना प्रमाणपत्र देत नाही. घ्यायचंच असेल तर प्रमाणपत्र असलेली प्रिंट, म्हणजे चित्राची छापील प्रत, घ्या.