आई-बाबांना घेऊन तुर्कस्तानात सिदेला : बसची सहल घ्यावी की स्वतः फिरावं?

स्नेहल, श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. ऑक्टोबरच्या सुट्टीत त्यांना घेऊन आठवडाभर सिदेला जायचं चाललंय. समुद्र आहेच, पण नुसतं हॉटेलच्या तलावाकाठी पडून राहायचं नाहीये. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ७२. जुनी वास्तू दिसली की त्यांना भूक-तहान राहत नाही. मात्र उजवा गुडघा कुरकुरतो, फार पायऱ्या झेपत नाहीत. आई शाकाहारी, अंडंही खात नाही. हॉटेलवाले पर्गे आणि अस्पेंदोस ही जुनी रोमन काळातली शहरं, मानवगतचा धबधबा आणि अंताल्या अशी एका दिवसाची बस देतात. घ्यावी का? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

वैदेही, म्युनिक

स्नेहल, ती बस घेऊ नकोस. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही आई-बाबांना घेऊन अशाच एका सहलीला गेलो होतो. आधी चामड्याच्या दुकानात नेलं, मग दागिन्यांच्या. त्यात दोन तास गेले आणि अस्पेंदोसला मिळाली ३५ मिनिटं. बाबा वरच्या कमानींपर्यंत पोचायच्या आतच गाईडने हाका मारायला सुरुवात केली. रात्री जेवताना ते गप्प होते. मला इतकं लागलं ते, की दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवून पुन्हा गेलो. सिदेहून अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता आहे.

अस्पेंदोसचं नाट्यगृह दुसऱ्या शतकातलं, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं. बांधणाऱ्याचं नावही शिलालेखात आहे, झेनॉन. पुढे तेराव्या शतकात सेल्जुक तुर्क सुलतानांनी ते डागडुजी करून वापरलं, म्हणून रंगमंचामागची भिंत आजही पूर्ण उंचीची उभी आहे. तुझ्या बाबांना खालीच बसू दे, वर चढायची गरज नाही. आमच्या आईने खाली मधोमध उभं राहून जात्यावरची एक ओवी म्हटली, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. मी सगळ्यात वरच्या ओळीत होते. शब्द न् शब्द ऐकू आला.

पण मला खरं सांगायचंय ते पर्गेबद्दल. तिथे पूर्ण सकाळ दे. बसवाले धावत दाखवतात आणि हीच जागा वाया जाते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब आणि मधोमध पाण्याचा पाट. उत्तरेच्या टोकाला कारंजं, त्यावर आडवा पहुडलेला नदीदेव केस्त्रोस. त्याच्या खालून पाणी निघून सगळ्या शहरातून वाहायचं. आम्ही गेलो तेव्हा पाट कोरडा होता. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाटात थोड्या थोड्या अंतरावर आडवे दगड लावलेत, ते बघून काठावर बसलेच. हाताने दगडाची कड चाचपत म्हणाले, "बघ, पाण्याचा वेग मोडलाय. उतारावर आपण हेच करायचो." बाजूच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत. त्यातल्या एकीत त्यांची चार बोटं आडवी बसली. अर्धा तास ते तिथून हलले नाहीत आणि मीही त्यांना उठवलं नाही.

जुन्या वेशीच्या दोन गोल बुरुजांमागचं अंगण मात्र चुकवू नकोस. ते साधारण इसवी सन १२० च्या सुमारास प्लांचिया माग्ना नावाच्या बाईने नव्याने सजवलं. तिथे पुतळे होते, त्यात तिच्या वडिलांचा आणि भावाचाही. त्यांच्याखाली कोरलेलं होतं, "प्लांचिया माग्नाचे वडील", "प्लांचिया माग्नाचा भाऊ". एकोणीसशे वर्षांपूर्वी बापाची ओळख लेकीच्या नावाने! मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आणि तुझे बाबा गणिताचे ना? प्राचीन ग्रीक गणिती अपोलोनियस याच पर्गेचा. शंकुच्छेदांवर, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांवर, लिहिणारा तोच. पॅराबोला, एलिप्स, हायपरबोला ही नावं त्याचीच.

सावली नाही तिथे. टोपी आणि पाणी भरपूर घे.

राहायला सिदेच्या जुन्या गावाजवळच बघ. समुद्रात शिरलेलं छोटंसं टोक आहे, त्याच्या शेंड्याला अपोलोच्या देवळाचे पाच खांब. सूर्यास्ताला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पहाटे जा. आम्ही तिघं होतो, दोन मांजरं होती आणि लाटांचा आवाज. म्युझियम जुन्या रोमन स्नानगृहात आहे, लहान, गुडघ्याला सोसेल असं.

निखिल, पुणे

वैदेहीताईंनी सगळं सांगितलंच आहे. खाण्याचं मी सांगतो, कारण आमच्याही घरी कांदा-लसूण सोडून सगळ्या अटी होत्या. "एतसिझ" म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा. मसुरीचं सूप (मेर्जिमेक) सगळीकडे मिळतं, पण काही ठिकाणी ते मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. भाताचंही तेच, म्हणून दर वेळी विचारा. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या थंड भाज्या बिनधास्त खा. ग्योझलेमे म्हणजे पातळ पोळीत पालक किंवा चीज भरून तव्यावर भाजलेलं, बायका समोर लाटून देतात. सोबत आयरान, म्हणजे आपलं खारं ताक. माझ्या आईने आठवडाभर दुपारी तेच खाल्लं.

एक महत्त्वाचं. काका-काकूंचा शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच प्रवेशाचा, असेल तर तुर्कस्तानातून जर्मनीत परत येता येणार नाही. तिकीट काढायच्या आधी व्हिसावर नीट बघा.

स्नेहल, श्टुटगार्ट

निखिलदादा, लगेच उठून पासपोर्ट काढले. दोघांचाही मल्टिपल आहे. जीवात जीव आला, कारण मी हे तपासलंच नव्हतं.

वैदेहीताई, बस रद्द. दोन दिवस टॅक्सी ठरवते, एक पर्गेसाठी, एक अस्पेंदोससाठी. धबधबा राहिला तर राहिला. बाबा आत्ता बाजूच्या खोलीत पेपर वाचताहेत. अन्वस्त, विवृत्त, अपास्त, म्हणजे तेच पॅराबोला, एलिप्स, हायपरबोला, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर काढलं, हाताने, साधनांशिवाय. अपोलोनियस कुठला ते मी त्यांना आता सांगणार नाही. त्या पाटाच्या काठी बसवून सांगते.