शब्दचर्चा : गाडीच्या ‘ड्रॅग’ला ओढ म्हणायचं की रोध?

प्रश्न : नागपुरातल्या आमच्या गाडीवेड्या मंडळींसाठी विंड टनेलवर, म्हणजे गाडीवर जोराची हवा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यावर, मराठीत टिपण लिहितोय. धावत्या गाडीला हवा मागे रेटते त्या बलाला, म्हणजे ड्रॅगला, काय लिहू? ‘हवेचं घर्षण’ चालेल?

उत्तर : भाऊ, ‘घर्षण’ नका लिहू, अर्थच बदलतो. हवा पत्र्याला घासून जाते, पण गाडीच्या ड्रॅगमध्ये त्याचा वाटा थोडा. मोठा वाटा दाबाच्या फरकाचा. समोर हवा दाबली जाते; मागे ती पत्र्यापासून सुटते आणि तिथे कमी दाबाचे भोवरे तयार होतात. गाडी जणू मागे खेचली जाते. विंड टनेलमध्ये गाडीवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवतात. बॉनेटवर ते सरळ, पत्र्याला लागून राहतात. मागच्या काचेवर सैरावैरा फडफडू लागले की हवा तिथे सुटली. समृद्धीवरून आलेल्या हॅचबॅकची मागची काच बघा, धुळीने पार माखलेली असते. ती धूळ या भोवऱ्यांनीच आणून टाकलेली. मागच्या काचेला वायपर देतात तो याचसाठी.

म्हणून माझं मत ‘ओढ’ला. ‘नदीला ओढ आहे’ असं आपण म्हणतोच.

प्रतिसाद : ‘ओढ’ म्हटलं की आधी माहेरची आठवते! ‘वातरोध’ जास्त नेमका वाटतो. ड्रॅगच्या कोएफिशंटलाही मग ‘रोधगुणांक’ म्हणता येईल.

उत्तर : ताई, ‘रोधगुणांक’ उत्तमच, ‘ओढगुणांक’ जिभेवर बसत नाही. पण गुणांक आणि प्रत्यक्ष बल यांची गल्लत व्हायला नको. गुणांक मुख्यतः आकार सांगतो, जितका कमी तितकी गाडी हवेतून सहज जाते. १९२१ च्या रुम्प्लर ट्रॉप्फेनवागेन या जर्मन गाडीची १९७९ मध्ये फोक्सवागेनच्या विंड टनेलमध्ये चाचणी झाली, तेव्हा तो ०.२८ भरला, आजच्या कित्येक गाड्यांना तो जमत नाही. बलात मात्र समोरचं क्षेत्रफळ, हवेची घनता आणि वेगाचा वर्गही येतो. समृद्धीवर ८० चा वेग १२० केला की बल सव्वादोन पट होतं आणि त्यासाठी लागणारी इंजिनाची ताकद जवळपास ३.४ पट. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांना हवा इतकी विरळ असते की डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा बल साधारण ११ टक्के कमी भरतं, गुणांक तोच असून. बलाला ‘ओढ’ आणि आकड्याला ‘रोधगुणांक’ असे वेगळे शब्द ठेवले तर वाचणारा गोंधळणार नाही.

प्रश्नकर्ता : पटलं. आणि विंड टनेलला ‘वातविवर’?

उत्तर : एकदा द्या, पुढे ‘विंड टनेल’च चालू द्या. गॅरेजवाल्यालाही टिपण वाचता आलं पाहिजे.