चौथ्या शतकातली रोमन चिल्लर: छंद म्हणायचा की चोरीचा माल?

लेस्टरकर
परवा एक मित्र घरी आलेला, माझी नाणी बघितली आणि सरळ म्हणाला की हे सगळं कुणाच्या तरी जमिनीतून चोरलेलं आहे. तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे म्हणून इथे विचारतो. मी फक्त चौथ्या शतकातली ब्राँझची रोमन नाणी जमवतो, कारण उघड आहे, सोनं-चांदी परवडत नाही. पण मजा यातच आहे. इ.स. २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने मोठं नाणं काढलं, वजन जवळपास १० ग्रॅम, आणि नंतरच्या कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या शेवटच्या वर्षांत तेच दीड-दोन ग्रॅमवर आलं. कॉन्स्टंटाइनच्याच एका नाण्यावर आधी मागच्या बाजूला दोन सैनिक आणि मध्ये सैन्याची दोन निशाणं असायची, नाणं लहान झालं तसं निशाण एकच उरलं. महागाई अशी तळहातावर ठेवून बघता येते. ही नाणी अमाप आहेत, म्युझियमचे ड्रॉवर भरलेत, माझ्यासारख्याने चार घेतली तर कुणाचं काय बिघडलं?

खापरवाला
अमाप आहेत म्हणून चालतं हे लॉजिकच उलटं आहे. खणताना याच चिल्लरीवर तर तारीख ठरते, शेतघरात सोन्याचं नाणं कोण सांडून ठेवतो? फरशीखाली व्हॅलेन्स सम्राटाचं झिजलेलं नाणं निघालं की ती फरशी ३६४ च्या, म्हणजे तो गादीवर आला त्याच्या, आधीची नाही हे पक्कं. तेच नाणं रात्री मेटल डिटेक्टर लावून उपसलं, पिशवीत भरून परदेशात विकलं की ते नुसतं पाच पौंडांचं गोल तांबं. बल्गेरियात रातियारिया नावाचं अख्खं रोमन शहर लुटारूंनी बुलडोझर लावून उकरलं, आणि तुम्ही छंदवाले मातीसकट 'न धुतलेल्या' नाण्यांच्या ज्या पिशव्या विकत घेता त्या अशाच जागांवरून येतात, त्या काय आकाशातून पडतात?

लेस्टरकर
थांबा, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. इंग्लंडमध्ये सापडलेला खजिना कळवण्यासाठी १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, सुट्या नाण्यांची नोंद करायची वेगळी सोय आहे. २०१० मध्ये सॉमरसेटला फ्रोमजवळ एका डिटेक्टरवाल्यालाच हंडा सापडला, ५२,५०३ नाणी! (तिसऱ्या शतकातली, मान्य.) म्हणजे छंदवाल्यांमुळेच कळलं ना?

खापरवाला
अहो तुमचं उदाहरण तर माझ्या बाजूचं निघालं. त्या माणसाने हंडा दिसल्यावर खणणं थांबवलं आणि तज्ज्ञांना बोलावलं. नाणी थराथराने काढली म्हणून समजलं की सगळ्यात नवी नाणी सगळ्यात वर नव्हती, म्हणजे वर्षानुवर्षं टाकत टाकत हंडा भरलेला नाही. त्याने घरी नेऊन बादलीत ओतली असती तर हे कळलं असतं का?

उगाचच_आलो
मी फोटो बघितले. सगळे सम्राट जुळे भाऊ वाटतात, तेच डोळे, तेच नाक, नाव वाचल्याशिवाय कोण कोण कळत नाही. एकावर लिहिलंय 'फेल टेम्प रेपारातिओ', अर्थ काय तर सुखाचे दिवस परत आले, आणि चित्र काय तर घोड्यावरून पडलेल्याला सैनिक भाला खुपसतोय 😂 अच्छे दिन तिकडेही असेच होते म्हणायचे.

लेस्टरकर
@उगाचच_आलो ३४८ मध्ये सुरू झालेलं नाणं ते. जुळ्यांच्या गर्दीत ज्युलियन शोधा, दाढीवाला, मागे मोठा बैल. अँटिऑक शहरातल्या लोकांनी दाढीवरून चेष्टा केली तर पठ्ठ्याने उत्तर म्हणून 'दाढीद्वेष्टा' नावाचं पुस्तकच लिहिलं. ट्रोलांना एवढं मनावर घेणारा दुसरा सम्राट नसेल.

मीनाक्षी_मदुराई
मराठी आहे, नोकरीमुळे इकडे. तुम्ही सगळे युरोपचंच बोलताय म्हणून सांगते, चौथ्या-पाचव्या शतकातली हीच बारीक रोमन तांब्याची नाणी मदुराईत सापडलीत, करूरला अमरावती नदीच्या पात्रात सापडलीत, श्रीलंकेत तर इतकी की तिथे त्यांच्या नकला पाडायचे. आता समजा करूरचं एक नाणं कुणी उचललं आणि ते फिरत फिरत बल्गेरियाच्या पिशवीत पडलं. राजा तोच, चित्र तेच, टाकसाळ तीच. ते समुद्र ओलांडून तमिळ देशात आलं होतं हे नाण्यावर कुठे लिहिलेलं असतं? गेलं ते कायमचं. आपल्याकडे तर १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं, पाळतं कोण हा वेगळा विषय.

तांब्यापितळ
मी पाप केलंय ते कबूल करते. न धुतलेल्या पन्नास नाण्यांची पिशवी घेतली होती. तीन महिने डिस्टिल्ड वॉटर, मग टूथपिकने माती काढत बसायचं, नवरा म्हणायचा भाकरी कधी करणार. अकरा ओळखता आली. एक जरा जास्त घासलं तर वरचा हिरवा थर निघाला आणि चेहराच गेला, दोनावर फिकट हिरवी भुकटी धरली आणि ती आतून खात गेली. सोळाशे वर्षं मातीत टिकलेलं माझ्या किचनमध्ये चार महिन्यांत संपलं. आता नोंद असलेलं किंवा जुन्या संग्रहातलंच घेते. पण अजिबात घेऊच नका हे पटत नाही, हातात धरल्याशिवाय टाकसाळीची अक्षरं वाचायला मी शिकलेच नसते.

लेस्टरकर
पिशव्यांचं मला पटलं, यापुढे नाही घेणार. जुन्या संग्रहाचं मात्र सोडणार नाही. आजोबांच्या काळात कुणी विकत घेतलेलं नाणं मी नाही घेतलं म्हणून ते जमिनीत परत जाणार आहे का?

खापरवाला
नाही जाणार. पण 'जुना संग्रह' असं लिहायला विकणाऱ्याला काय लागतं, एक पेन. तुमच्याकडे एकूण किती नाणी आणि कुठून आलं याचे कागद किती नाण्यांचे?

लेस्टरकर
एकशे चाळीस. कागद नऊ नाण्यांचे. त्यातला एक मीच लिहिलाय, विकणाऱ्याने फोनवर सांगितलं तसा.